खाडीपलीकडचा पुकारा

दाखल केलेली याचिका मागे घ्यायला असे कितीसे कष्ट पडणार, असं अक्षता चिंदरकरला वाटलं होतं. दाखल करताना वकिलांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या होत्या, पोलीस पाटलाच्या नाकदुऱ्या काढाव्या लागल्या होत्या. मागे घ्यायची तर एक पुरसीस, म्हणजे चार ओळींचा कागद, त्याखाली सही, आणि न्यायमूर्तींनी विचारलं की 'हो' म्हणायचं. तिच्या वकील कामतबाईंनी तिला निघतानाच बजावलं होतं की हल्ली ते 'हो' म्हणणं सोपं राहिलेलं नाही. पण एकदा मनाशी ठरवलं की माणूस दुसऱ्याचं कुठे ऐकतो?

खंडपीठाच्या दालनात ती कठड्यात उभी राहिली. कठड्याच्या लाकडात सुपारीएवढा कॅमेरा आणि एक माईक बसवलेला होता, आणि न्यायमूर्तींच्या मेजावर एक लहानसा दिवा होता. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. कारकुनांपासून पक्षकारांपर्यंत सगळे त्याला नुसता दिवाच म्हणत.

"ही याचिका तुम्ही स्वतःच्या इच्छेने मागे घेताय?" न्यायमूर्तीबाईंनी विचारलं.

"हो, मॅडम."

"कुणाचं दडपण?"

"नाही. कुणाचंच नाही."

दिवा लाल झाला.

अक्षता काही खोटं बोललेली नव्हती. तिला कुणी धमकी दिली नव्हती, दारात कुणी गुंड उभे केले नव्हते, पैशांची पिशवी पुढे सरकवली नव्हती. तरी त्या काडेपेटीएवढ्या वस्तूने भर कोर्टात तिला खोटं पाडलं होतं. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

हा दिवा आला होता भल्यासाठीच. साक्षी फिरायच्या, पक्षकार एका रात्रीत 'आमचा समेट झाला' म्हणत हजर व्हायचे, आणि त्या समेटामागे कुणाचा हात कुणाच्या मानेवर आहे हे सगळ्यांना कळून कुणालाच सिद्ध करता यायचं नाही. मग कुणीतरी म्हणालं, की माणसाला विचारण्यापेक्षा त्याच्या शरीराला विचारू. मेंदूपासून काळजापर्यंत जाणाऱ्या एका लांब मज्जातंतूचा एक फाटा गळ्यात स्वरयंत्राशी पोचतो. मनावर ओझं आलं की तो तंतू ताणतो आणि आवाजात एक थरथर उमटते, कानाला न कळणारी पण यंत्राला स्पष्ट ऐकू येणारी. त्याच वेळी कॅमेरा गालांकडे बघत असतो. काळजाच्या प्रत्येक ठोक्याला त्वचेखाली रक्त येतं नि ओसरतं, त्या सूक्ष्म रंगबदलावरून नाडी मोजता येते. थरथर आणि नाडी जुळवून बघितली की माणूस मोकळेपणी बोलतोय की ओझ्याखाली, हे यंत्र बऱ्यापैकी अचूक सांगतं.

ते ओझं कसलं, हे मात्र ते सांगत नाही. भीती, दुःख, माया, लाज या सगळ्यांची वाट त्या एकाच तंतूवरून जाते. शास्त्रज्ञांनी हे अहवालात लिहिलं होतं, पण ते पान कायदा करणाऱ्यांनी वाचलं असेलच असं नाही.

न्यायमूर्तीबाईंनी पुरसीस नामंजूर केली. आवाज त्यांचा मऊ होता. याचिकाकर्तीवर दडपण असल्याचा संशय आहे, पोलिसांनी चौकशी करून अहवाल द्यावा, असा आदेश झाला. बाहेर आल्यावर कामतबाईंनी अक्षताला उसाचा रस पाजला आणि गाडीत बसवून दिलं.

तरवाडीला पोचायचं तर शेवटचा टप्पा होडीचाच. खाडीच्या या अंगाला तरवाडी, पलीकडे बोरवणे. रस्ता बोरवण्यात संपतो. मधला पूल कधीचा मंजूर आहे, त्याचं भूमिपूजनही दोनदा दोन वेगळ्या मंत्र्यांच्या हस्ते झालेलं आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही. चिंदरकरांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवण्याचं काम. होडीला आता बॅटरीवरचं इंजिन होतं, पण ओहोटीला पाणी उतरलं की ते वर उचलून लांब बांबूने होडी रेटावी लागे.

आणि या कामाचा एक नियम होता. पलीकडून उतारूने पहिली हाक मारली की तोंडातला घास संपवायचा. दुसरीला हात धुवायचा. तिसऱ्या हाकेला ओ द्यायची आणि होडी सोडायची. मग घरात पाहुणे असोत, अंगात ताप असो. तिसरी हाक वाया गेली असं या घराण्यात कधी झालं नव्हतं.

अक्षताचा नवरा सुदेश असाच तिसऱ्या हाकेला गेला होता. संध्याकाळची वेळ, भर ओहोटी. खाडीच्या मधोमध वाळूचा एक लांब दांडा होता. त्याच्या कडेने बांबू टेकत टेकत यायचं, ही वाट सुदेशच्या हातांना पाठ होती. त्या दिवशी त्याने सगळा भार देऊन बांबू टेकला आणि खाली तळच नव्हता. वाळू उपसणाऱ्या कंपनीच्या यंत्राने दांड्याची शेपटी आदल्या दिवशी खाऊन टाकली होती. तिथे खोल खड्डा झाला होता. सुदेश बांबूसकट पाण्यात गेला. कडेची सुटी वाळू त्याच्यावर ढासळली असावी. अक्षता तेव्हा माहेरी गेली होती. ती परतली तोवर त्याला बाहेर काढून अंगणात निजवलेलं होतं. त्याला हाक मारणारा तो उतारू कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी पुढे आलंच नाही.

कंपनीने सांगितलं, तो दारू प्यायलेला असावा. सुदेश चहासुद्धा साखर कमी घालून पिणारा माणूस. त्या एका वाक्यासाठी अक्षता कोर्टात गेली. खड्डा हद्दीबाहेर कुणाच्या हुकमाने खणला याची चौकशी व्हावी आणि उपसा थांबावा, एवढंच तिचं मागणं होतं.

ते यंत्र आपलं आपण चालायचं. आखून दिलेल्या हद्दीबाहेर ते जातच नसे, कुणी मुद्दाम आपली किल्ली लावून त्याला पुढे ढकललं तरच जाई. कोर्टात कंपनीने यंत्राची नोंद दाखल केली, आणि खड्डा खणला त्या दिवशीची किल्ली निघाली साईशची. साईश म्हणजे सुदेशचा धाकटा भाऊ, त्याच कंपनीत कामाला. अक्षता लग्न होऊन आली तेव्हा तो पहिलीत होता. त्याच्या डोक्याला तेल तिने घातलं होतं, त्याची शाळेची फी तिने शिवणकाम करून भरली होती. याचिका पुढे गेली तर तुरुंगात जाणार होता तो, कंपनी नव्हे. साईशने यावर अवाक्षर काढलं नाही, तो नुसता वाळत चालला. बोलली ती सासू.

"एक झील खाडयेन खाल्ल्यान," दोन मुलांची ती आई चुलीपाशी बसून म्हणाली होती. "दुसरो कोर्टाक देव नको गो, अक्षता."

पुरसिशीवर सही झाली ती त्यानंतर. आणि यंत्राच्या लेखी दडपण होतं ते एवढंच.

पोलीस आले ते चौकशीला. भला माणूस होता हवालदार, पण प्रश्न छापील होते. घरात याचिकेला विरोध कोणाचा? मागे घेतल्याने फायदा कोणाचा? दोन्ही उत्तरं ओसरीवर बसलेली होती. साईशला चौकीवर नेऊन दुपारभर बसवलं. तो परत आला तेव्हा अख्ख्या तरवाडीला एकच गोष्ट कळलेली होती, की साईश वहिनीला धमकावतो. त्याला वाचवायला ती कोर्टात गेली, आणि तिच्या आवाजातल्या थरथरीनेच तो आरोपीच्या पिंजऱ्याच्या आणखी जवळ गेला. अक्षता त्या रात्री जेवली नाही.

दोन दिवसांनी कंपनीचे देखरेख अधिकारी शिरोडकर आले. पायातले बूट अंगणात काढून, सासूला वाकून नमस्कार करून बसले. त्यांचं बोलणं नेहमी काळजीचं असे.

"वहिनी, तुम्ही उगाच कोर्टात बोलायला गेलात," ते म्हणाले. "दिवा बोलणाऱ्याला लागतो. न बोलणाऱ्याला कसा लागणार?"

मग त्यांनी सविस्तर सांगितलं. दिवे आल्यापासून याचिका मागे घेणारे लोक झपाट्याने कमी झाले होते, आणि तारखेला न येणारे तेवढेच वाढले होते. अर्जदार हजर नाही, प्रकरण पुढे चालवण्यात त्याला रस दिसत नाही, सबब निकाली. ओझं ज्यांच्यावर होतं ते आता कठड्याऐवजी घरात बसत होते. कोर्टाच्याही हे लक्षात आलं, आणि नवा नियम निघाला दारी पुकाऱ्याचा. गैरहजेरीत प्रकरण काढून टाकण्यापूर्वी कोर्टाचा बेलीफ अर्जदाराच्या गावात जातो आणि त्याला ऐकू जाईल अशा जागेवरून तीनदा पुकारतो. सोबत एक पेटी असते, तिच्यावरही तसाच दिवा. तिच्यात अर्जदाराच्या आवाजाची खूण साठवलेली असते. कुठूनही, कसंही, नुसतं 'ओ' म्हटलं तरी पेटी ओळखते, आणि प्रकरण जिवंत राहतं. तिन्ही पुकारे रिकामे गेले तर मात्र ते कायमचं संपतं. पुन्हा दाखल करायची सोय नाही.

"म्हणजे काय करायचं?" अक्षताने विचारलं.

"काहीच नाही," शिरोडकर म्हणाले. "तेच तर सांगतोय. गप्प राहायचं. साईश सुटला, तुम्ही सुटलात."

कामतबाईंचे फोन आले, ते तिने उचलले नाहीत. पुढच्या तारखेला ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग पुकाऱ्याचा दिवस ठरल्याची सूचना फोनवर आली. आपण काहीच करत नाही आहोत, असं ती स्वतःला समजावत राहिली, आणि एखादं अवजड काम केल्यासारखी दमून जात होती.

त्या दिवशी सकाळपासून ओहोटी होती. नियमाप्रमाणे बेलीफाने तरवाडीत यायला हवं होतं. पण रस्ता बोरवण्यात संपत होता आणि पलीकडे यायला होडी एकच, ती अर्जदाराची. अर्जदाराला ऐकू जाईल अशी जागा एवढंच नियमात होतं, तेव्हा बेलीफाने इतर चार माणसं करतात तेच करायचं ठरवलं. तो बोरवण्याच्या धक्क्यावर उभा राहिला. त्याने पेटी कठड्यावर ठेवली. शेजारी शिरोडकर छत्री घेऊन उभे होते, कंपनीतर्फे साक्षीदार म्हणून. पुकारा ध्वनिक्षेपकावरून नव्हे, माणसाच्या गळ्यातून जावा अशी कोर्टाची अट होती.

अक्षता घरातच थांबणार होती. दार लावून, रेडिओ मोठा करून. पण सकाळी जाग आली तशी ती सवयीने धक्क्यावर गेली, होडीतलं पाणी उपसलं आणि तिथेच पायरीवर बसून राहिली. थोड्या वेळाने साईश खाली आला आणि तिच्याजवळ बसला. वर घराच्या दारात सासू उभी होती.

"अक्षता सुदेश चिंदरकर हाऽऽजिर!"

खाडीवरून आलेला आवाज स्वच्छ होता. पाण्यावरून आवाज फार लांब जातो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने ओठ मिटले. इतकी वर्षं पहिल्या हाकेला ती गप्पच राहत आली होती. तोंडातला घास संपवायची ती वेळ. तेवढ्यापुरतं सोपं गेलं.

साईश तिच्याकडे बघत नव्हता. तो दांड्याकडे बघत होता. दांड्याची शेपटी होती तिथलं पाणी काळसर दिसत होतं.

"वैनी," तो म्हणाला. "त्या दिसा हाको मीच मारल्यो."

तिला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. मग कळलं.

तो बोलत गेला तसं सगळं उलगडत गेलं. त्याची पाळी संपली होती. घरी यायचं म्हणून तो बोरवण्याच्या धक्क्यावर आला. सोबत शिरोडकर होते, त्यांना तरवाडीत कुणाकडे तरी यायचं होतं. आदल्या दिवशी त्यांनीच तोंडी हुकूम देऊन साईशला किल्ली लावायला लावली होती, आणि खड्ड्याबद्दल गावात बोलायचं नाही असं बजावलं होतं. साईशने दादाला हाक मारली. दादा लवकर आला नाही, म्हणून दुसरी मारली, मग तिसरी. दादाने ओ दिली आणि होडी सोडली. ओहोटी होती, तेव्हा तो दांड्याच्या कडेनेच येणार हे साईशला ठाऊक होतं. तिथे तळ उरलेला नाही, हेही त्यालाच ठाऊक होतं.

"दांड्यावरसून येव नको, इतक्याच आराडूचा होता," तो म्हणाला. "तोंडात इला होता. पण सायब बाजूक उभो होतो. म्हटलंय, दादा हुशार आसा, तेका कळतला. मी आराडाक नाय."

"अक्षता सुदेश चिंदरकर हाऽऽजिर!"

दुसरा पुकारा. पलीकडे शिरोडकरांची छत्री स्थिर होती.

"आयेक ठावक आसा?" तिने विचारलं.

साईशने होकारार्थी मान हलवली. आई त्या संध्याकाळी घरातच होती. धाकट्या मुलाचा आवाज कुठल्या आईला ओळखू येत नाही? म्हातारी इतके दिवस ते गिळून बसली होती. चुलीपाशी बसून ती जे मागत होती, त्याचा अर्थ अक्षताला आज कळला.

तिला साईशच्या मुस्कटात मारावीशी वाटली. त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं आणि कुठलं खरं ते ठरत नव्हतं. हाच पोरगा पहिलीत असताना तिच्या पदराला धरून शाळेत गेला होता, आणि याच्याच न मारलेल्या एका आरोळीने तिचं कुंकू पुसलं होतं. तिने ओ दिली तर हा आत जाणार. नाही दिली तर हा घरात राहणार, रोज समोर बसून जेवणार, आणि रोज त्या दांड्याकडे बघणार. आणि सुदेश कायमचा दारुडा ठरणार.

"आता तू गप रव, वैनी," साईश म्हणाला. तो रडत होता. "माझ्यासाठी नको. आयेसाठी."

पलीकडे बेलीफ क्षणभर थांबला. त्याने डोळ्यांवर हात धरून या काठाकडे पाहिलं. तोही याच भागातला असावा, कारण पायरीवर बसलेली बाई आणि शेजारी बांधलेली होडी बघून त्याने या वेळी कोर्टाची ओळ म्हटलीच नाही. तोंडाभोवती दोन्ही हातांचा कर्णा करून, उतारू मारतात तशी लांबवून, त्याने नुसतं नाव घेतलं.

"अक्षताऽऽ ओऽऽ!"

कुणीतरी उठवल्यासारखी ती उभी राहिली. साईशने तिचा हात धरला.

"तुझ्या तिसऱ्या हाकेक तो इलो ना?" ती त्याला म्हणाली. "मगे माका मारलेली मी कशी सोडू?"

त्याची बोटं सुटली. तिने छाती भरून श्वास घेतला.

"ओऽऽऽ!"

बोरवण्याच्या धक्क्यावरच्या पेटीवर हिरवा दिवा लागला. दडपणाचा मागमूस नव्हता. बेलीफाने तो वाकून पुन्हा पाहिला आणि हातातल्या यंत्रावर नोंद करू लागला. शिरोडकरांनी छत्री मिटली. अक्षताने यातलं काहीच बघितलं नाही, कारण ती वाकून दोर सोडत होती.

"बस," ती साईशला म्हणाली. "बांबू घे."

वर दारात सासूने तोंडाला पदर लावला होता. पण तिने हाक मारली नाही. साईशने एकदा वर पाहिलं, मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो होडीत चढला. या घरातला तोही होता, आणि होडी सुटली की चढायचं असतं एवढं त्याला कळत होतं.

दांड्याच्या कडेने तो बांबू टेकत निघाला. टेकला की तळाची वाळू करकरायची, होडी हातभर पुढे जायची. अक्षता पुढच्या टोकाला बसून पाण्याकडे बघत होती. मग एका ठिकाणी साईशने बांबू आत घातला, आणखी घातला, पार मुठीपर्यंत घातला, आणि तो थांबला. होडी प्रवाहात हळूहळू आडवी व्हायला लागली.

"हंय," तो म्हणाला. त्याचा आवाज सगळ्या अंगानिशी थरथरत होता, ते कळायला यंत्र लागत नव्हतं. "वैनी, हंयच. किल्ली लावताना शिरोडकर माझ्या बाजूक उभे होते, आणि म्हणाले..."

"माका सांगू नको," अक्षता म्हणाली. तिने इंजिन पाण्यात सोडलं आणि होडीचं तोंड बोरवण्याकडे वळवलं. "थंय पोचल्यार बेलीफाक सांग."